मागच्या सभेचं इतिवृत्त

पावणेतीन वर्षांनी आमच्या मंडळाले माणसं आठवली. "यंदाची वार्षिक सभा प्रत्यक्ष होणार!" असा सलीलचा मेसेज आला, अन् त्याच्याखाली फुगे, फुलं, टाळ्या, नाचणाऱ्या बाहुल्या. सलील आमच्या जिल्हा वाचनालय सेवक मंडळाचा सचिव. वणीले राह्यते, अध्यक्ष नीळकंठरावांच्या वाचनालयात नोकरी करते, अन् नीळकंठराव शिंकले तरी "वा, वा" म्हणते.

वाचनालय सेवक म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढं शहाणी, वाचणारी माणसं येत असतील. सोडा तो विचार. आमच्यातल्या निम्म्या लोकाईनं शेवटचं पुस्तक वाचलं ते बारावीचं गाईड. पुस्तकाले कव्हर घालणं, शिक्का मारणं, अन् कोणी एकदम दोन पुस्तकं मागितली तर त्याच्याकडं चोरासारखं पाहणं, हे आमचं काम. मी त्यातलीच. फरक इतकाच का मी वाचते, अन् भांडते.

मी कौसल्या भगत. मुकुटबनचं केंद्र मी चालवतो असं कोणी पुरुष म्हणत असंल तर खोटं आहे, एकोणीस वर्षं मीच चालवून राह्यली. मंडळाच्या मालकीची पुस्तकं आहेत, ती खेड्यापाड्यात ठेवायची म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आठ पेट्या आमच्याकडं आल्या. आता ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत बत्तीसशे पुस्तकं आहेत. कापूस वेचून आलेल्या बाया संध्याकाळी हातपाय न धुता कथेचं पुस्तक बदलायले येतात. झरीकडच्या पोडावरून, त्याईच्या वस्तीवरून, एक कोलाम पोरगी सायकलनं येते, तिनं आख्खं एक कपाट संपवलं. कोरोनाच्या बंदीत खोलीले कुलूप होतं, तर मी थैलीत पुस्तकं घालून दारोदार फिरली. त्याचा फोटो नाही काढला, म्हणून मंडळाच्या हिशोबी ते झालंच नाही.

तर मी या सभेले गळाभेटीसाठी नाही गेलती. मी गेलती विषय क्रमांक दोनसाठी: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.

ते मागचं सांगते म्हणजे समजंल. पंचवीस एप्रिल दोन हजार एकवीस, रविवार. माणसं मुंगीसारखी मरून राह्यलती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती, अन् आमच्या नीळकंठरावांले ऑनलाइन सभा घ्यायची हौस आली. त्यांच्या वाचनालयाले वरचा दर्जा पायजे होता अन् पुस्तकाईचा आकडा कमी पडत होता. मंग ठराव क्रमांक चार आला. वाचकांच्या अभावी मुकुटबन केंद्र बंद करावं अन् तिथली पुस्तकं वणीच्या वाचनालयात हलवावी. वाचकांच्या अभावी! मी त्या दिवशी स्लॅबवर उन्हात उभी होती, कारण खाली नेटवर्क येत नव्हतं. वर तरी कुठं आलं? सभा सुरू झाली, दहा मिनिटं दिसली अन् गेली. मी फोनले शिव्या देत खाली उतरली.

माझा चेहरा मात्र तिकडं त्याईच्या स्क्रीनवर चिपकून राह्यला. तासभर. अन् महिन्यानं इतिवृत्ताचा कागद आला, तर ठराव चारचा अनुमोदक कोण? कौसल्या भगत! म्हणजे माझं केंद्र बंद करा असं मीच म्हणून राह्यली. रागात मी सूचकाचं नाव पाह्यलंच नाही. मी सलीलले फोन लावला. म्हणते, "ताई, आता ते इतिवृत्तात गेलं. हरकत असेल तर प्रत्यक्ष सभेत घ्या. नियमाप्रमाणे तिथं कायम झाल्यावरच ठराव लागू होतो."

म्हणून ही सभा. कायम झालं का सोमवारी पुस्तकं न्यायले गाडी येणार, अन् माझी खोली रिकामी. हे मले सलीलनंच सांगतलं, जसं काही लग्नाची तारीख सांगून राह्यला.

वणीले एसटीतून उतरली तं अंगावर कोळशाची धूळ बसली. मंगल कार्यालयाच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता, "पुनर्भेटीचा आनंदसोहळा". त्यात नीळकंठरावांचा फोटो एवढा मोठा का भेटायची गरजच उरली नव्हती. दारात पुठ्ठ्याची चौकट, त्यात मुंडकं घालून फोटो काढायचा. शुभदा तिथं उभी होती, वणीचीच, मंडळाची उपाध्यक्ष. मले पाहून धावत आली, गळ्यात पडली, डोळ्यात पाणी.

"कौसल्याताई! माणसाला माणूस भेटण्यासारखं सुख नाही हो!"

"हो नं," मी म्हटलं, "माझी खोली बंद करायच्या ठरावाले तुमचीही मूक संमती आहे म्हणते कागदात."

"अय्या, तो विषय आज नको ना," ती म्हणाली, अन् मले ओढून चौकटीत उभं केलं. तिचं मुंडकं आधी गेलं.

आत तर काय सांगू. ज्याईले पावणेतीन वर्षं मानेपर्यंतच पाह्यलं, ते आज पायासकट आले. सगळे एकमेकाच्या पोटाकडं पाहून राह्यले. प्रत्येकजण तेच बोलून राह्यला, "प्रत्यक्ष ते प्रत्यक्षच," "ऑनलाइनमध्ये जीव नाही." अरे, मंग जीव नव्हता तं त्या बिनजिवाच्या सभेत ठराव कायले केले? पुसदचा धम्मदीप भेटला. "जय भीम ताई. काळजी करू नका, आम्ही सगळे तुमच्या बाजूनं आहो," असं कानात बोलला, अन् नीळकंठराव आले तसा तुरतुर त्याईच्या खुर्चीमागं जाऊन उभा राह्यला. हातात आलुबोंड्याची प्लेट तशीच.

अकरा वाजता सभा सुरू झाली. नीळकंठरावांनी माइक हातात घेतला अन् पयलं वाक्य काय, तर "माझा आवाज येतोय का सगळ्यांना?" पन्नास लोकाईनं अंगठे वर केले. मी कपाळाले हात लावला.

विषय क्रमांक एक, श्रद्धांजली. सलीलनं कागद वाचला. मंडळाचे चार लोक गेले होते. त्यात ढाणकीचे उत्तमसिंग राठोड होते. तांड्यावरचा माणूस, भल्ला बोलका, ढाणकीचं वाचनालय त्यानं एकट्यानं उभं केलं. फोन लावला का तासभर सोडत नसे. सलीलनं नाव वाचलं, तारीख वाचली, "सतरा एप्रिल दोन हजार एकवीस," अन् आम्ही दोन मिनिटं उभे राह्यलो. उत्तमसिंग गेल्याचं मले महिनाभरानं गटावर समजलतं. तारीख आजच ऐकली. माझ्या मागं दोन रांगा सोडून त्याची पोरगी उर्वशी उभी होती. ढाणकीचं वाचनालय आता ती पाहते. पंचवीसेक वर्षांची असंल, साधा पंजाबी ड्रेस, रात्रभर प्रवास करून आलेली. तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

खाली बसलो तसा सलील म्हणाला, "विषय क्रमांक दोन. इतिवृत्त सर्वांना पाठवलंच आहे, वाचलं असं समजून कायम करावं?"

"मंजूर, मंजूर, मंजूर," हॉल म्हणाला. आमच्या लोकाईचा हा आवाज मी झोपेतही ओळखीन. त्यात अर्धा होकार असते, अर्धी भूक.

मी उठली. "नामंजूर."

"कौसल्याताई," नीळकंठराव हसले, "तुम्ही स्वतः अनुमोदक आहात."

"मी नव्हती त्या सभेत. माझं तोंड होतं."

लोक हसले. हसू द्या. मी म्हटलं, "नेटवर्क गेलतं. अडकलेल्या फोटोचं अनुमोदन चालते काय तुमच्यात? मंग उद्या भिंतीवरच्या फोटोले अध्यक्ष करा, काम तेवढंच होईल."

नीळकंठरावांचं हसू थोडं आटलं. हा माणूस वाईट बोलत नाही, तीच त्याची खोड. "तुमच्या लोकांना वाचनाची गोडी फार," हे कौतुक त्यानं एकोणीस वर्षांत मले चाळीस वेळा ऐकवलं, अन् आता 'वाचकांच्या अभावी' लिहिलं. "आरोप नकोत," तो म्हणाला. "सलील, आपल्याकडे रेकॉर्डिंग आहे ना? दाखव. पारदर्शक कारभार आहे आपला."

सलीलले तेच पायजे होतं. लॅपटॉप जोडेल होताच, आनंदसोहळ्याचे फोटो दाखवायले. त्यानं पडद्यावर ती सभा लावली, अन् पुढं पळवत पळवत ठराव चारवर आणली.

मायबाई, काय ते दर्शन! पडद्यावर चौकटीच चौकटी. एकात पंखा फिरून राह्यला, एकात कोणाचं तरी टक्कल, एकात धम्मदीप तोंडात मोबाइल धरल्यासारखा जवळ येऊन झोपेल. लोक आपापल्याले ओळखून खिदळून राह्यले. अन् मधोमध मी. एक डोळा मिटेल, तोंड उघडं, मागं आभाळ. पाच मिनिटं झाली तरी पापणी हलली नाही. एवढ्या वेळात मेलेलं माणूस सुद्धा थोडं सरकत असंल.

पडद्यावरचे नीळकंठराव बोलून राह्यले, "सर्वांचे आवाज आपण बंद ठेवले आहेत, गोंधळ नको. ठराव चार. सूचक कोण? हां, उत्तमसिंगजींनी केव्हाचा हात वर केला आहे. सूचक उत्तमसिंग राठोड. अनुमोदक... कौसल्याताई अगदी एकाग्रतेने ऐकत आहेत, हरकत दिसत नाही. अनुमोदक कौसल्या भगत. ठराव एकमताने मंजूर."

अन् तठी, खालच्या कोपऱ्यात, उत्तमसिंग राठोड नावाची काळी चौकट होती. चेहरा नाही. फक्त तो पिवळा हात, मोबाइलवर दाबला का येते तो, वर करेल.

माझ्या डोक्यात तेव्हा तारखांचा मेळ बसला. पण माझ्याआधी मागून आवाज आला.

"तो हात माझा होता."

उर्वशी उभी राह्यलती. आवाज बारीक होता, पण खिदळणारे लोक मागं वळले.

"बाबा सतरा तारखेले गेले," ती म्हणाली. "आताच तुम्ही वाचली नं तारीख. ही सभा पंचवीसची. बाबाचा फोन माह्याजवळ होता. मले फक्त एवढंच सांगायचं होतं का बाबा गेले. मंडळात बाकी कोणाचे नंबर कोणते, मले माहीत नव्हतं. मी सभेत आली, तर आवाज बंद. बोलायचं असंल तं हात वर करा, असं लिहून आलं. म्हणून मी हात वर केला. दोन तास ठेवला. मंग तुम्ही म्हणाले, आभार, अन् सभा बंद केली."

पडद्यावर माझं उघडं तोंड तसंच होतं. सलीलनं घाईघाईनं लॅपटॉप बंद केला, तेवढीच त्याची अक्कल.

आता कोणत्याही माणसानं काय केलं असतं? उतरून त्या पोरीजवळ गेला असता. माफी मागितली असती. नाहीतर निदान खाली तरी पाह्यलं असतं. आमच्या नीळकंठरावांनी चष्मा पुसला, अन् माइकमध्ये म्हणाले, "अत्यंत दुःखद. सलील, इतिवृत्तात दुरुस्ती घे. उत्तमसिंगजींच्या नावापुढे 'कैलासवासी' लावून घे. दुरुस्तीसह कायम करूया?"

मी खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत या लोकाईले खूपदा हलकट म्हटलं, मनात. आज तोंडानं म्हटलं, अन् माइकशिवाय म्हटलं, तरी मागपर्यंत गेलं.

"कैलासवासी माणूस ठराव मांडते काय हो? सरणावरून उठून आलता काय तो, माझी खोली बंद करा म्हणायले? मेलेला सूचक, अडकलेली अनुमोदक, अन् एकमतानं मंजूर! लाज वाटत नसंल तं निदान नियम पाहा. सूचक जिता लागते. आता सगळे प्रत्यक्ष आलेत नं? आनंदसोहळा आहे नं? मंग उठा कोणी जितं माणूस, या पोरीकडं पाहा, माझ्याकडं पाहा, अन् म्हणा, मी सूचक."

नीळकंठराव म्हणाले, "ठीक आहे. ताईंचा मुद्दा तांत्रिक आहे, पण मान्य. नवीन सूचक कोण?"

कोणी नाही.

"सलील?"

सलील म्हणाला, "सर, सचिवाला सूचक होता येत नाही." येते. शंभरदा झालाय. पण त्यानं वायर गुंडाळायले घेतली, अन् वायर काही संपेना.

"शुभदाताई?" शुभदा पर्समध्ये काहीतरी शोधून राह्यली. धम्मदीप खुर्चीमागून केव्हाच गायब झालता. हॉलमधले पन्नास लोक, कोणी चपलेकडं पाहते, कोणी छताकडं. ऑनलाइन असते तं एका सेकंदात पन्नास अंगठे आले असते. पण समोर ती पोरगी उभी होती, बसली नव्हती अजून. अन् तोंडावर बोलायले छाती लागते.

नीळकंठरावांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज बसला. "सूचकाअभावी ठराव क्रमांक चार वगळण्यात येत आहे," ते म्हणाले, अन् लगेच, "जेवणाची वेळ झाली आहे."

जिंकली मी. माझी खोली राह्यली, बत्तीसशे पुस्तकं राह्यली. पण कोणाले न्याय सुचला म्हणून राह्यली असं कोणी म्हणू नका. त्याईले फक्त अवघडल्यासारखं झालं. चांगुलपणा नव्हताच, थोडी शरम होती, तीही जेवणापर्यंत टिकंल एवढीच. असो, माझ्या बायाईच्या कामी आली तेवढी बस.

जेवणात तं मजाच. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, अन् प्रत्येकजण प्लेट घेऊन माझ्याकडं. "ताई, तुम्ही आज वाघीण!" "आम्ही मनातून तुमच्याकडूनच होतो." धम्मदीपले कुठून कंठ फुटला देव जाणे, म्हणे, "ताई, मी उठणारच होतो." मी म्हटलं, "बस मंग आता. बुंदी सांडंल." शुभदानं उर्वशीच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटो काढला, अन् पुढं गेली.

मी उर्वशीले हात धरून कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं. तिच्यापुढं पोळी ठेवली. पोरगी भुकेली होती, खाली मान घालून जेवून राह्यली. माझ्या अंगात अजून राग फिरून राह्यलता.

"कसले दगड आहेत हे लोक," मी म्हटलं. "आठ दिवस कोणाले पत्ता नाही. एकाही माणसानं चौकशी नाही केली. पण काय वो पोरी, तू तरी कायले त्या सभेची वाट पाहत बसली? फोनमध्ये कोणाचा तरी नंबर असंल. एखाद्याले लावायचा होता."

तिनं घास थांबवला. माझ्याकडं पाह्यलं, अन् परत ताटाकडं.

"लावलता नं मावशी," ती म्हणाली. "तुम्हालेच लावलता. बाबाच्या फोनमध्ये तुमचाच नंबर सगळ्यात वर होता."

"मले?"

"तुम्ही कट केला. मंग मेसेज आला तुमचा. रविवारी सभेत बोलू म्हणून. म्हणून मी सभेत आलती."

तिनं हे रागानं नाही सांगतलं. विचारलं म्हणून सांगतलं, अन् पोळीचा तुकडा भाजीत बुडवला.

मले आठवलं. म्हणजे घटना नाही आठवली, सवय आठवली. उत्तमसिंगचा फोन आला का मी म्हणायची, आता तास गेला, अन् कट करायची. मी पर्समधून मोबाइल काढला. उत्तमसिंग राठोड हे नाव शोधत मेसेजची यादी वर ढकलत ढकलत गेली. एकोणीस एप्रिल, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. माझा मेसेज होता, "कामात आहे. रविवारी सभेत बोलू."

त्याच्याखाली उत्तर होतं. "बरं मावशी."

उत्तमसिंग माझ्याहून चार वर्षं मोठा. तो मले कौसल्याबाई म्हणायचा, पंधरा वर्षं कौसल्याबाईच म्हणत आला. ते उत्तर दीड वर्षं माझ्या फोनात पडेल होतं, अन् मी ते वाचलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही जेवून नाही राह्यल्या?" उर्वशी म्हणाली.

मले तिच्याकडं पाहवलं नाही. मी ताटाकडं पाह्यलं, मंग पर्समध्ये काहीतरी शोधायले लागली.